आवक-जावक

माणसाची दुखणी दोन प्रकारची असतात : चारचौघांत सांगता येण्यासारखी आणि न येण्यासारखी. ब्लडप्रेशर पहिल्या प्रकारातले. आमच्या बँकेत तर ज्याला ब्लडप्रेशर नाही तो कामच करत नसावा, असा समज आहे. मधुमेहवाला लग्नाच्या पंगतीत "नको, जिलबी नको, शुगर आहे" असे इतक्या तोऱ्यात सांगतो की, वाढणाऱ्याला स्वतःच्या निरोगीपणाची लाज वाटावी. हार्टवाल्याला लोक लोकलमध्ये उठून खिडकी देतात. पण ज्याचे पोट साफ होत नाही त्याने जायचे कुठे? म्हणजे, जायला जागा असते. गेल्यानंतर काय, हा प्रश्न आहे.

मी बँकेत कारकून आहे. आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पण टोकन घेऊन समोर उभा राहणारा माणूस अजून जुन्याच नजरेने बघतो. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी शिकवले होते की, प्रत्येक डेबिटला क्रेडिट असते. आलेले कुठेतरी गेलेच पाहिजे. या एका सिद्धान्तावर माझी वीस वर्षे नोकरी झाली. फक्त माझ्या पोटाने तो कधी मान्य केला नाही. तिथे आवक रोजची आणि जावक अधूनमधून. 2025 च्या ऑक्टोबरपासून चेकसुद्धा त्याच दिवशी वटू लागले, मी मात्र तीन-तीन दिवस क्लिअरिंगला पडलेला!

याचे कारण शोधायला कुणाला संशोधन करायला नको. आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात माणसे पाच आणि संडास एक. म्हणजे एका काउंटरवर पाच खातेदार, आणि सगळ्यांना घाई सकाळीच. त्यामुळे प्रत्येकाची वेळ ठरलेली. साडेपाचला सौ., मग सहा दहा ते सहा पस्तीस आमचे अण्णा, त्यानंतर मुलगी, मग मुलगा. माझा नंबर लागेपर्यंत सात वाजायचे, आणि माझी गाडी सात चोवीसची. आतून एक हाक येते आणि स्टेशनातून दुसरी. मी वीस वर्षे स्टेशनाचीच हाक ऐकली. कारण पोट रागावले तर मेमो देत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. टपाल खात्यातून निवृत्त. तिथे त्यांनी अनेक वर्षे आवक-जावक रजिस्टर सांभाळले आणि ते रजिस्टर त्यांनी घरीही चालूच ठेवले. मला कळायला लागल्यापासून रोज सकाळी ते मला एकच प्रश्न विचारत आले आहेत, "पोट साफ झालं का रे?"

दहावीच्या परीक्षेला निघालो तेव्हा आईने दही दिले, अण्णांनी हा प्रश्न दिला. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून पाटावर उभा होतो. अण्णा जवळ आले, कानाशी वाकले. मंडपातल्या बायकांना वाटले, बाप मुलाला आशीर्वाद देतोय. दोघींनी तर डोळ्यांना पदर लावला. अण्णांनी विचारले होते तेच. आई गेली त्या वर्षी आमच्या घरात कुणी कुणाशी फारसे बोलत नव्हते, पण हा प्रश्न एका दिवसानेही चुकला नाही.

मी रोज "हो" म्हणत असे. न म्हणावे तर पुढचे संभाषण वाढणार, आणि सात चोवीस कुणासाठी थांबत नाही. इतक्या वर्षांत मी अण्णांना किती खोटी व्हाउचरे दिली याचा हिशेब करायचा तर वेगळे ऑडिट लावावे लागेल.

आता असे दुखणे लपवायचे म्हटले तरी लपत नाही. चेहरा सांगतो. आमचे हेड कॅशिअर एकदा नोटा मोजता मोजता म्हणाले, "काय, कोठा जड वाटतं?" झाले! त्या दिवसापासून आमच्या शाखेत प्रत्येकाने माझ्या नावावर एकेक उपाय जमा केला. मॅनेजरसाहेब म्हणाले, तांब्याच्या भांड्यातले पाणी. लोन विभागातल्या बाई म्हणाल्या, झोपताना गरम दुधात तूप. शिपायाने एरंडेल सुचवले आणि ते ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर लहानपणचा रविवार उभा राहिला : आजी, चमचा आणि नाक दाबायला एक काका. हेड कॅशिअर स्वतः इसबगोलवाले. 'इसबगोल' म्हणजे फारसीत घोड्याचा कान, ही माहिती अण्णांची. गुजरातेत उंझ्याच्या बाजारातून हे घोड्याचे कान देशभर जातात. मी चमचाभर भुसा तोंडात टाकला आणि मग पाणी शोधायला लागलो. त्या दिवशी मला कळले की, इसबगोल आधी पाण्यात घालायचे असते आणि वर आणखी भांडेभर पाणी प्यायचे असते. नाहीतर ते जिथे असेल तिथेच फुगते. माझ्या घशात ते कर्जासारखे बसले.

शेवटी मी सोपा मार्ग धरला. रात्री एक चूर्ण घ्यायचे आणि सकाळी धावायचे. चूर्ण जोरदार होते. त्यात सोनामुखी होती. सोनामुखी आतड्याला चाबूक मारते. पण चाबकाचे असे आहे की, आज एका फटक्यात पळणारा घोडा उद्या दुसऱ्याची वाट बघत उभा राहतो. एक चमचा, दीड चमचा, दोन चमचे. ओव्हरड्राफ्टची लिमिट अशीच वाढत जाते.

आणि मग मार्च एंडच्या आठवड्यात एका सकाळी पांढऱ्या चिनी मातीवर मला लाल दिसले.

बँकेतल्या माणसाला लाल रंगाचे भय तसेही असतेच. पण ते दुसऱ्याच्या खात्यावरचे. हे माझे होते. मी कुणाला काही बोललो नाही. हात धुतले, डबा घेतला, सात चोवीस पकडली. दुसऱ्या दिवशी काही नव्हते, तिसऱ्या दिवशी पुन्हा होते. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या हिशेब करू लागलो. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षे राहिली होती, मुलगा दहावीला, फ्लॅटचे हप्ते अजून सात वर्षे. असे हिशेब आम्ही ग्राहकाला पाच मिनिटांत करून देतो. माझा मात्र डोंबिवली ते सीएसएमटी पुरत नसे.

एक दिवस बँकेत जुने कागद काढले आणि बघतो तो काय, माझ्या प्रॉव्हिडंट फंडाला नॉमिनी म्हणून आईचे नाव! लग्नाआधी भरलेला फॉर्म. आई जाऊन सहा वर्षे झालेली. मी रोज काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला "नॉमिनेशन केलंय का?" म्हणून दटावणारा माणूस. मी गुपचूप नवा फॉर्म भरला, सौ.चे नाव घातले आणि सही करायचा धीर होईना म्हणून घरी आणून टेबलाच्या खणात ठेवला. विजेचे बिल शोधताना तो हिच्या हातात पडला.

"हे काय?"

"नियमाप्रमाणे करावं लागतं."

"अठरा वर्षं नियम नव्हता?"

महिनाभर माझ्या पोटात होते ते त्या एका कागदाने ओठावर आणले. हिने ऐकून घेतले. मला वाटले, आता रडेल. ती म्हणाली, "शर्ट घाला."

आमच्या डॉक्टरांनी तपासले. तपासणीचे वर्णन करत नाही. आयुष्यात प्रथमच माझे ऑडिट झाले, एवढेच सांगतो. मग ते हात पुसत म्हणाले, "फिशर आहे. कडक झाल्यामुळे कातडीला चीर पडलीय. भिण्यासारखं नाही. पण भिऊन महिनाभर गप्प बसलात, ते चुकलं. चाळिशीनंतर रक्त दिसलं, विनाकारण वजन उतरायला लागलं, की रोजची सवय एकाएकी बदलली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. आधी दाखवायचं. बहुतेक वेळा असंच काहीतरी साधं निघतं, पण ते ठरवायचं आम्ही. तीन आठवड्यांत थांबलं नाही तर दुर्बिणीतून आतडं बघू."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. बँकेत कॅश जुळल्यावर हेड कॅशिअर असेच पाहतात.

मग डॉक्टरांनी एक तक्ता काढला. ब्रिस्टल इथल्या डॉक्टरांचा हा तक्ता 1997 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात या वस्तूचे चक्क सात प्रकार चित्रांसह दिले आहेत. एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्या, सात नंबर म्हणजे पाणी. चांगले ते तीन आणि चार. मला आश्चर्य वाटले नाही. आमच्या बँकेतही अधिकाऱ्यांचे असेच सात स्केल आहेत. स्केल एकचा नवा साहेब फार कडक असतो, सातचा नुसता वाहत असतो, आणि काम होते ते तीन-चारकडूनच. मी मुकाट्याने एक नंबरवर बोट ठेवले.

"रोज झालंच पाहिजे असंही नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणाला दिवसातून तीनदा, कुणाला आठवड्यातून तीनदा, दोन्ही ठीक. कुंथावं लागू नये, हे महत्त्वाचं. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं. तुम्ही हाक आली की गाडी पकडता, माल आत पडून राहतो, आतडं पाणी ओढत बसतं, आणि त्याचा दगड होतो. बरं, खाता काय?"

मी सांगितले. सकाळी चहा आणि दोन स्लाइस पाव. दुपारी डब्यात भात किंवा पोळी आणि बटाटा. संध्याकाळी स्टेशनवर वडापाव. रात्री भात. आणि सोमवारी उपवास.

"उपवासाला?"

"साबुदाण्याची खिचडी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

त्या दिवशी मला चोथ्याचे मोल कळले. इंग्रजी शिकलेले लोक त्याला फायबर म्हणतात. आपल्याला पचत नाही, हाच त्याचा गुण. तो पाणी धरून ठेवतो, मालाला आकार आणि मऊपणा देतो आणि स्वतः बिनतक्रार बाहेर पडतो. असा माणूस आमच्या शाखेत एक जरी असता तरी ग्राहकांच्या तक्रारी उरल्या नसत्या. प्रौढ माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले आहे. मी घरी येऊन वही आखली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते छापले आहेत. आकडे म्हटले की मला हुरूप येतो. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे 10 ग्रॅम, बाजरीत आणि नाचणीत 11, आणि मैदा किंवा पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. पाव, भात, वडापाव, पुन्हा भात : माझी दिवसाची बेरीज दहा-बाराच्या वर जाईना. साबुदाण्याचे खाते तर जवळजवळ झिरो बॅलन्सचे. देवासाठी मी सोमवारी उपाशी राहत होतो आणि मंगळवारी देवाचाच धावा करत होतो.

दुसऱ्याच दिवशी सगळी थकबाकी एकरकमी भरायची असे मी ठरवले. सकाळी दोन पेरू, डब्यात तीन भाकऱ्या, मटकीची उसळ, गवार, वर मुळ्याची कोशिंबीर. दुपारी अडीचला पोटात ढग जमले. काउंटरवर एक आजोबा पासबुक भरून घ्यायला उभे होते. मी प्रिंटरमध्ये पासबुक घातले आणि पोटातून एक लांबलचक आवाज आला. आजोबा म्हणाले, "नवीन मशीन आलं वाटतं?" त्यानंतर जे झाले त्याचा आवाज प्रिंटरच्या नावावर खपण्यासारखा नव्हता. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी पंखा वाढवला.

"अहो, हप्त्याने!" डॉक्टर फोनवर म्हणाले. "आतड्याला सवय नको व्हायला? आठवड्याला थोडं थोडं वाढवा. आणि पाणी पिताय ना? नुसता चोथा आणि पाणी नाही, म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी केर."

मग हप्ते बांधले. पहिल्या आठवड्यात डब्यातल्या पोळीच्या जागी भाकरी. दुसऱ्या आठवड्यात उसळ. तिसऱ्यात रोज एक फळ आणि कोशिंबीर. टेबलावर पाण्याची बाटली. ती लंचपर्यंत एकदा संपलीच पाहिजे. महिन्याने वही बघितली : दोन भाकऱ्यांचे 10, वाटीभर उसळीचे पाच, पालेभाजी-कोशिंबिरीचे चार, पेरूचे आठ. एकूण 27. वीस वर्षांत माझ्या खात्यावर एवढी शिल्लक कधी नव्हती. शेपूची भाजी पानात आली की मी नाक मुरडत असे. आता तिच्याकडे आदराने बघतो. साठी ओलांडलेल्या नातेवाइकाकडे बघावे तसे : आवडत नाहीत, पण उपयोगी पडतात.

पण नुसते खाऊन भागत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले होते की, काही पोटात गेले की आतडे जागे होते, सकाळी विशेष. तेव्हा चहा-खाणे झाल्यावर ठरावीक वेळी दहा मिनिटे निवांत बसायचे. घाई करायची नाही, जोर लावायचा नाही, कमोडवर असाल तर पायाखाली पाट घ्यायचा. पाट घरात होता. निवांत दहा मिनिटे डोंबिवलीत आणायची कुठून?

अण्णांना आम्ही काही सांगितले नव्हते. पण आमच्या घरात भिंतींपेक्षा पडदे जास्त. त्यांनी सगळे ऐकले असणार. डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी ते पिशवी घेऊन बाहेर गेले आणि दोन किलो पेरू घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा दहाला मी दात घासत होतो. संडासाचे दार उघडे, आणि अण्णा गॅलरीत पेपर घेऊन बसलेले. सहा दहा! या वेळेला आमच्या घरात भूकंप झाला असता तरी अण्णा आतच असते.

"तू जा," ते पेपरातून म्हणाले. "मला कुठली गाडी गाठायचीय!"

मी गेलो. रोज जाऊ लागलो. तीन आठवड्यांत रक्त थांबले, दुर्बीण टळली. चूर्णाची बाटली मी टाकून दिली आणि नॉमिनेशनच्या फॉर्मवर सही करून तो बँकेत दिला. घाबरून नाही, नियमाप्रमाणे. मग बऱ्या झालेल्या माणसाचे होते तेच माझे झाले, मी प्रचारक झालो. हेड कॅशिअरना बाजरीचे आकडे ऐकवले. घरात सगळ्यांच्या ताटात भाकरी आणि उसळ सुरू केली.

दोनेक महिन्यांनी एका रात्री सौ. म्हणाली, "अण्णा भाकरी टाकतात हल्ली."

मी बघितले. ताटाच्या कडेला भाकरी, त्यावर आमटीची वाटी ठेवून झाकलेली. आणि कपाटात औषध शोधताना त्यांच्या खणात मला ओळखीची बाटली दिसली. माझेच चूर्ण. निम्मे संपलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गॅलरीत होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. घसा खाकरला. पन्नाशीकडे आलो, पण हा प्रश्न मी त्यांना जन्मात विचारला नव्हता. तो विचारायचा हक्क त्यांचाच, असे मी धरून चाललो होतो.

"अण्णा, तुमचं पोट साफ होतं का?"

2013 साली बंद झालेली तार अचानक हातात पडावी तसे अण्णांनी माझ्याकडे पाहिले. कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. आई गेल्यापासून त्यांना हे कुणी विचारलेच नसेल.

"नाही रे," ते म्हणाले. "माझी हाक सहा दहाची. ती एकदा चुकली की दिवसभर परत येत नाही. आणि भाकरी कवळीने तुटत नाही. पेरूच्या बिया तर कवळीखाली गेल्या की जीव जातो."

म्हणजे ज्या माणसाला पेरू खाता येत नव्हता, त्याने उन्हात जाऊन दोन किलो पेरू आणले होते. आणि मी वहीत त्याचे आठ ग्रॅम लिहून मोकळा झालो होतो.

आता आमच्याकडे नवे वेळापत्रक आहे. मी पाचला उठतो. चहा आणि दोन भिजवलेली अंजिरे घेतो, आणि साडेपाचची सौ.ची वेळ यायच्या आत माझे काम आटोपते. सहा दहा पुन्हा अण्णांची झाली आहे. त्यांची भाकरी आमटीत कुस्करून तिचा काला होतो. पेरूऐवजी पिकली पपई, रात्री भिजत घातलेल्या मनुका, आणि मऊ शिजवलेल्या मुगाची उसळ. डॉक्टरांनी त्यांना तपासून घेतले, त्यांच्या लोहाच्या गोळ्याही बदलून दिल्या; त्या गोळ्यांनीही कोठा जड होतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. चूर्णाची बाटली या वेळी अण्णांनी स्वतः टाकली.

आणि रोज सकाळी सहा पस्तीसला, मी बूट घालत असताना, आम्ही एकमेकांना तो प्रश्न विचारतो. आधी ते, मग मी. दोन पोस्टांनी आपापल्या वहीतल्या नोंदी ताडून पाहाव्यात तसे. मी आता खोटी व्हाउचरे देत नाही. झाले असेल तर हो म्हणतो, नसेल तर नाही.

नाही म्हटले तर अण्णा काही बोलत नाहीत. संध्याकाळी घरी येतो तेव्हा टेबलावर एक पेरू असतो.